एडवर्ड जेन्नर : मुलांना देवीपासून वाचवणारा गावचा डॉक्टर

जखमेतून किंवा फोडातून पाझरणाऱ्या पातळ द्रवाला मराठीत लस म्हणतात. आज हा शब्द उच्चारताच पोलिओचे थेंब, गोवराचे इंजेक्शन आणि बाळाच्या लसीकरणाचे कार्ड डोळ्यांपुढे येते. मूळ अर्थाची आठवण सहसा कोणाला होत नाही. प्रारंभी मात्र लस म्हणजे खरोखरच तो द्रव होता. एका मुलाच्या दंडावरील फोडातून तो काढायचा आणि दुसऱ्या मुलाच्या दंडावर टोचायचा, अशी ती रीत होती. इंग्लंडमधील बर्कली या छोट्या गावी १७९६ च्या मे महिन्यात एका डॉक्टरने या रीतीचा पहिला काटेकोर प्रयोग केला आणि सुमारे सहा वर्षांनी ती मुंबईला पोचली. या डॉक्टरचे नाव एडवर्ड जेन्नर.

ज्या रोगाशी जेन्नर यांनी आयुष्यभर झुंज घेतली, त्या देवीची नव्या पिढीला आता केवळ ऐकीव माहिती आहे. विषाणू शरीरात शिरल्यावर साधारण बारा दिवस काहीच कळत नसे. मग एकाएकी जोराचा ताप चढे, डोके ठणके, पाठ आणि कंबर मोडून येई, ओकाऱ्या होत. तीन-चार दिवसांनी ताप किंचित उतरे आणि घरच्यांना हायसे वाटते न वाटते तोच तोंडात व चेहऱ्यावर पुरळ उठे. ते हातापायांकडे पसरे. तळहात आणि तळपायही त्यातून सुटत नसत. पुरळाचे फोड होत, फोडांत पू भरे आणि शेवटी खपल्या धरत. कांजिण्यांचे फोड पोटापाठीवर अधिक असतात आणि एकाच जागी नवे-जुने शेजारी शेजारी दिसतात. देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट असत आणि एका भागातले सगळे एकाच अवस्थेत असत. फरक ओळखता आला तरी हाती काही लागत नसे, कारण देवीवर उपाय नव्हता. तीव्र प्रकारच्या देवीत दर दहा रुग्णांपैकी सुमारे तीन दगावत. वाचलेल्यांपैकी अनेकांची दृष्टी जाई आणि चेहऱ्यावरचे वण जन्मभर राहत. अठराव्या शतकात एकट्या युरोपात या रोगाने दरवर्षी सुमारे ४ लाख माणसे मरत असावीत, असा अंदाज केला जातो. त्यांत मोठा भरणा मुलांचा असे. मोठ्यांपैकी बहुतेक जण लहानपणीच या रोगातून पार पडलेले असत आणि एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला त्या सहसा पुन्हा येत नसत.

जेन्नर यांचा जन्म १७ मे १७४९ रोजी इंग्लंडच्या पश्चिमेकडील ग्लॉस्टरशायर परगण्यात, बर्कली येथे झाला. वडील गावच्या चर्चचे धर्मगुरू होते. नऊ भावंडांत एडवर्ड आठवे. ते पाच वर्षांचे असतानाच आईवडील दोघेही वारले आणि थोरल्या भावंडांनी त्यांना वाढवले. हा मुलूख दुभत्या गाईंचा आणि चीजचा. कुरणे, गोठे आणि दूध काढणाऱ्या गवळणी यांच्यातच या मुलाचे बालपण गेले आणि पुढे त्याच्या हातून जे कार्य घडले, त्याचा धागाही त्या गोठ्यांतूनच निघाला.

देवी टाळण्याचा एक उपाय त्या काळीही माहीत होता. देवी झालेल्या माणसाच्या फोडातील पू निरोगी माणसाच्या त्वचेखाली टोचायचा, म्हणजे त्याला बहुधा सौम्य स्वरूपाचा रोग होई आणि पुढे तो सुरक्षित राही. चीन, हिंदुस्थान आणि तुर्कस्तान येथे ही पद्धत पूर्वापार चालत आली होती. बंगालमध्ये ते काम करणारे टीकादार घरोघर फिरत. तुर्कस्तानातील इंग्रज राजदूताच्या पत्नी लेडी मेरी मॉन्टेग्यू यांनी ती तेथे पाहिली आणि १७२१ मध्ये लंडनमध्ये आपल्या मुलीवर करवून घेतली. तेव्हापासून इंग्लंडमध्ये ती रुळली. नैसर्गिक देवीच्या तुलनेत हा धोका पुष्कळच कमी होता, तरी शंभरातील एक-दोन जण त्याने मरत. शिवाय ज्याला टोचले त्याच्या अंगावर खऱ्याच देवी येत, त्यामुळे त्याच्यापासून इतरांना लागण होऊन नवी साथ पसरण्याची भीती असे.

१७५७ मध्ये आठ वर्षांच्या एडवर्डलाही शाळकरी वयात असेच टोचण्यात आले. इंग्रज वैद्यांनी या साध्या क्रियेला तोपर्यंत नाना उपचारांची जोड दिली होती. आधी कित्येक आठवडे मुलाला अर्धपोटी ठेवण्यात आले, जुलाब देण्यात आले, शरीरातील रक्त काढण्यात आले. टोचल्यावर त्याला तशाच अवस्थेतील इतर मुलांबरोबर एका तबेल्यात ठेवण्यात आले. मुलगा वाचला, पण त्याची प्रकृती त्यानंतर बराच काळ ढासळलेली राहिली आणि अचानक आवाज झाला की दचकण्याची खोड त्यांना पुढेही जडून राहिली. ज्या माणसाने मुलांसाठी याहून सौम्य उपाय शोधला, त्याने जुना उपाय स्वतःच्या अंगावर सोसलेला होता, हे त्यांच्या चरित्रात विसरता येत नाही.

चौदाच्या सुमारास त्यांना सॉडबरी येथील डॅनियल लडलो या शल्यवैद्याकडे उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. तेथेच एका गवळणीने त्यांना सांगितले की, गाईच्या देवी येऊन गेल्यामुळे आपल्याला माणसांच्या देवीचे भय उरलेले नाही, अशी एक प्रसिद्ध गोष्ट आहे. ती त्यांच्या मित्राने लिहिलेल्या चरित्रातून पसरली आणि तिच्या खरेपणाविषयी अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. शंका घेण्यास जागा आहेच, कारण ही समजूत त्या मुलखात एका गवळणीची नव्हती. गाईच्या सडांवर फोड येत, दूध काढणाऱ्यांच्या हातांना ते लागत, चार-आठ दिवस हात दुखे, थोडा ताप येई आणि सगळे बरे होई. अशा माणसांना देवी येत नाहीत, हे शेतकऱ्यांना ठाऊक होते. डॉर्सेट परगण्यातील बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने तर १७७४ मध्ये आपल्या पत्नीला आणि दोन मुलांना गाईच्या फोडातील द्रव स्वतःच टोचला होता. त्यासाठी गावाने त्याची निर्भर्त्सना केली. जेस्टीने तोंडाने सांगण्यापलीकडे काही केले नाही. लिहून ठेवणे, पडताळणे आणि जगापुढे मांडणे हे काम जेन्नर यांच्या वाट्याला आले. डॉक्टर मंडळींना गावकऱ्यांची ही समजूत कानावर येऊनही ती भाबडी वाटत असे.

जेन्नर १७७० मध्ये लंडनला गेले आणि जॉन हंटर या विख्यात शल्यविशारदाचे शिष्य होऊन त्यांच्याच घरी राहिले. हंटर यांचा स्वभाव रोखठोक होता. एखाद्या प्रश्नावर नुसता तर्क करत बसण्यापेक्षा प्रयोग करून पाहावा, हा त्यांचा आग्रह असे आणि शिष्य गावी परतल्यावरही ते पत्रांतून तो धरत राहिले. कॅप्टन कुक यांच्या पहिल्या सफरीतून आलेले नमुने लावण्याचे काम जेन्नर यांच्याकडे आले होते. दुसऱ्या सफरीवर जाण्याची संधीही चालून आली होती. ती त्यांनी नाकारली आणि १७७३ च्या सुमारास बर्कलीत येऊन दवाखाना थाटला.

त्यानंतरची वीस-बावीस वर्षे वरवर पाहता एका खेड्यातील सुखवस्तू डॉक्टरची आहेत. ते घोड्यावरून रुग्णांकडे जात, बासरी आणि व्हायोलिन वाजवत, कविता करत. हंटर यांच्यासाठी साळिंदरासारख्या काटेरी हेजहॉगच्या हिवाळी झोपेतील शरीराचे तापमान मोजत. त्यांनी हायड्रोजन भरलेला फुगाही आकाशात सोडला होता. या काळातले त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम कोकिळेच्या पिलासंबंधीचे. परक्या घरट्यात जन्मलेले कोकिळेचे पिलू, डोळे उघडण्यापूर्वीच, घरट्यातली इतर अंडी आणि पिले पाठीवर घेऊन बाहेर ढकलते, असे त्यांनी पाहिले. त्यासाठी त्या पिलाच्या पाठीवर एक खोलगट जागा असते आणि बाराएक दिवसांनी ती भरून येते, हेही त्यांनी नोंदवले. १७८८ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. अनेकांना हे वर्णन कपोलकल्पित वाटले. विसाव्या शतकात कॅमेऱ्याने ते खरे असल्याचे दाखवले. कुंपणाआड तासन्‌तास बसून एकच घरटे पाहण्याची ही सवयच त्यांना पुढे उपयोगी पडली.

गाईच्या देवींचा प्रश्न दिसतो तितका सोपा नव्हता. गाईच्या फोडांनी हात दुखावलेल्या काही गवळणींना नंतर देवी आल्याचीही उदाहरणे होती. ती पुढे करून इतर डॉक्टर सगळी समजूतच मोडीत काढत. जेन्नर मात्र या अपवादांपाशी थांबून राहिले. गाईच्या सडांवर येणारे फोड अनेक तऱ्हांचे असतात आणि त्यांपैकी एकाच प्रकारात संरक्षण देण्याचा गुण आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. त्याला ते खऱ्या देवी म्हणत, बाकीच्यांना खोट्या. दुसरीही गोष्ट त्यांनी ताडली. फोड खरा असला, तरी त्यातून द्रव कोणत्या दिवशी घेतला याला महत्त्व होते. पू झालेल्या जुन्या फोडातील द्रवाचा गुण गेलेला असे. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी जिवंत विषाणू आणि मेलेला विषाणू यांच्यातील फरक ओळखला होता. विषाणू म्हणजे काय हे त्या काळी कोणालाच माहीत नव्हते.

१७८८ मध्ये त्यांचा कॅथरीन किंग्जकोट यांच्याशी विवाह झाला. पुढच्या वर्षी थोरला मुलगा एडवर्ड जन्मला. त्याच वर्षाच्या अखेरीस, मूल अजून तान्हे असतानाच, डुकरांच्या देवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका रोगाचा द्रव त्यांनी त्याला टोचला आणि नंतर खऱ्या देवीचा द्रव टोचून पाहिला. मुलाला देवी आल्या नाहीत. म्हणजे १७९६ च्या प्रयोगाआधी सात वर्षे हा माणूस आपल्या तान्ह्या मुलावर हात चालवत होता. त्याला धाडस म्हणावे की बेपर्वाई, हे वाचणाऱ्याने ठरवावे. त्याने परक्याच्या मुलांना तेवढे धोक्यात घातले असा आरोप मात्र टिकत नाही.

१७९६ च्या मे महिन्यात सारा नेल्म्स ही गवळण हात दाखवायला त्यांच्याकडे आली. काट्याने ओरखडलेल्या तिच्या हातावर गाईच्या देवीचे ठळक फोड आले होते. ज्या गाईपासून ते आले तिचे नाव ब्लॉसम. १४ मे रोजी जेन्नर यांनी साराच्या हातावरील फोडातून द्रव घेतला आणि जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर दोन लहान छेद देऊन तो आत सोडला. जेम्सचा बाप भूमिहीन मजूर होता आणि जेन्नर यांच्या बागेत काम करी. सातव्या दिवशी मुलाच्या काखेत दुखू लागले. नवव्या दिवशी थोडी थंडी वाजली, डोके दुखले, भूक मंदावली. दहाव्या दिवशी तो पूर्ववत हिंडू-फिरू लागला. १ जुलै रोजी त्याला खऱ्या देवीच्या फोडातील द्रव टोचण्यात आला. काही झाले नाही. पुढेही अनेकदा टोचण्यात आला, तरी काही झाले नाही.

आज कोणतीही नीतिसमिती असा प्रयोग होऊ देणार नाही. मजुराच्या मुलासाठी मालकाला नकार देणे बापाला कितपत शक्य होते, हा प्रश्न टाळता येत नाही. त्या काळच्या चालीचाही विचार करायला हवा. देवीचा द्रव टोचणे हा तेव्हा रोजचा, सर्वमान्य उपचार होता आणि तो बर्कलीतील कितीतरी मुलांना त्यांच्या आईवडिलांच्या इच्छेने होत असे. जेम्सवरील खरी जोखीम पहिल्या टोचणीत होती, कारण ती नवी होती. दुसरी टोचणी त्याला एरवीही बहुधा मिळालीच असती.

एका मुलावरचा हा अनुभव आणि आधी गोळा केलेल्या नोंदी जेन्नर यांनी रॉयल सोसायटीकडे धाडल्या. १७९७ मध्ये त्या नाकारण्यात आल्या. पुरावा अपुरा होता हे खरेच. पुढचा पुरावा मिळवायचा तर गाईंना देवी यायला हव्यात आणि बर्कलीच्या गोठ्यांत त्या जवळजवळ दोन वर्षे आल्या नाहीत. १७९८ च्या वसंतात त्या पुन्हा दिसल्या आणि जेन्नर यांनी अनेक मुलांना लस टोचली. त्यातही महत्त्वाचे असे की, ते एका मुलाच्या फोडातून दुसऱ्याला आणि दुसऱ्याच्या फोडातून तिसऱ्याला टोचत गेले आणि शेवटच्या मुलापर्यंत गुण टिकून राहिला. आता गाईची वाट पाहायची गरज राहिली नव्हती. ज्यांना टोचले त्यांत अकरा महिन्यांचा त्यांचा धाकटा मुलगा रॉबर्टही होता. त्याला मात्र लस धरली नाही.

या मुलांपैकी पाच वर्षांचा एक मुलगा गरीबगृहात राहत होता. त्याला टोचल्यानंतर लवकरच ताप आला. तो पुढील चाचणीस योग्य राहिला नाही, एवढेच पहिल्या पुस्तकात आले. त्याच्या मृत्यूचा उल्लेख जेन्नर यांच्या नंतरच्या लेखनात आला. तो ताप गरीबगृहातील साथीचा असल्याचे त्यांचे मत होते आणि ते बरोबरही असेल, पण जे घडले ते त्यांनी पहिल्याच वेळी पुरते लिहायला हवे होते.

पुस्तक १७९८ मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले. पाऊणशे पाने, तेवीस रुग्णांची हकिकत आणि हाताने रंगवलेली चार चित्रे. त्यांपैकी एक सारा नेल्म्सच्या हाताचे. लॅटिनमध्ये गाईला व्हॅका म्हणतात. त्यावरून त्यांनी पुस्तकाच्या नावात जो शब्द योजला, त्यातूनच पुढे व्हॅक्सिन हा शब्द आला. पुस्तक घेऊन ते लंडनला गेले आणि जवळजवळ तीन महिने तेथे राहिले, तरी टोचून घ्यायला एकही माणूस पुढे येईना. ते परतल्यानंतर एका सर्जनने त्यांनी मागे ठेवलेली लस वापरून पाहिली, ती गुणकारी ठरली आणि बोलबाला सुरू झाला.

बोलबाल्याबरोबर घोटाळेही आले. लंडनच्या देवी रुग्णालयात वुडव्हिल यांनी शेकडो लोकांना लस टोचली, पण तेथील हवेत आणि हत्यारांत खऱ्या देवीचा संसर्ग होता. अनेकांच्या अंगावर पुरळ उठले आणि ही भेसळ झालेली लस इतर गावांनाही गेली. लस निरुपयोगी असल्याची ओरड झाली. जेन्नर यांचा बहुतेक वेळ आता पत्रे लिहिण्यात जाऊ लागला. आपण साऱ्या जगाचे लसीचे कारकून झालो आहोत, अशा आशयाची तक्रार ते करत. लस खरी लागली हे कसे ओळखावे, हाच त्या पत्रांचा मुख्य विषय असे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टोचल्या जागी लाल पुटकुळी दिसायला हवी. सातव्या-आठव्या दिवशी तिचा मोत्यासारखा, मध्ये खळगा असलेला फोड व्हायला हवा. नवव्या-दहाव्या दिवशी भोवती लाल वर्तुळ पसरावे, मग काळपट खपली धरावी आणि ती तिसऱ्या आठवड्यात गळून कायमचा खळगेदार वण मागे राहावा. दुसऱ्याच दिवशी जागा सुजून पू झाला, तर ती लस लागली असे समजू नये. मुलाच्या अंगावर खरूज किंवा नायट्यासारखा त्वचारोग असेल, तर आधी तो बरा करावा. दुसऱ्यासाठी द्रव घ्यायचा तो फोड स्वच्छ असताना, लाल वर्तुळ पसरण्यापूर्वी. या सूचना पाळल्या तेथे लसीने गुण दिला. जेथे कोणीही उठून सुई हाती घेतली, तेथे आईवडिलांना खोटा दिलासा मिळाला आणि पुढच्या साथीत मुले गेली.

विरोधकांत धर्मोपदेशक होते, डॉक्टर होते, जुन्या टोचणीवर पोट भरणारेही होते. जनावराचा रोग माणसाच्या शरीरात घालणे अनेकांना किळसवाणे वाटे. १८०२ मध्ये गिलरे या व्यंगचित्रकाराने लस टोचलेल्यांच्या अंगांतून गाई बाहेर पडताना दाखवल्या. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने जेन्नर यांना १० हजार पौंड मंजूर केले आणि १८०७ मध्ये आणखी २० हजार. दरम्यान त्यांनी लंडनमध्ये मोठे घर घेऊन व्यवसाय थाटून पाहिला होता. तो चालला नाही आणि ते गावी परतले. पद्धत गुप्त ठेवून पैसा करण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता, पण तो त्यांनी पत्करला नाही. बर्कलीतील घराच्या बागेत गवताने शाकारलेली एक खोपटी होती. तेथे बसून ते गरिबांच्या मुलांना फुकट लस टोचत.

लस देशोदेशी नेणे हे वेगळेच कोडे होते. दोऱ्यावर किंवा काचेच्या पट्ट्यांत वाळवलेला द्रव थंड मुलखात काही आठवडे टिके, उष्णतेत तो निकामी होई. स्पेनच्या राजाने १८०३ मध्ये अमेरिकेतील आपल्या वसाहतींकडे जहाज पाठवले, तेव्हा डॉ. बाल्मिस यांनी २२ अनाथ मुले बरोबर घेतली. वाटेत दर आठ-दहा दिवसांनी दोन मुलांना टोचायचे, त्यांच्या फोडांतून पुढच्या दोघांना, अशा रीतीने लस जिवंत ठेवून त्यांनी महासागर ओलांडला. हिंदुस्थानकडे समुद्रमार्गे पाठवलेली लस वारंवार निकामी झाली. अखेर व्हिएन्नाचे डॉ. जाँ द कारो यांनी लोंबार्डीतील गाईंपासून मिळालेली लस काचांत बंद करून, वर मेणाचे थर देऊन बगदादला पाठवली. तेथून ती मुलांच्या दंडांवरून बसऱ्याला पोचली आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबईला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली आणि धरली. ती एका नोकराची मुलगी होती. सर्जन हेलेनस स्कॉट यांच्या देखरेखीखाली तिच्या फोडातून पुढच्या आठवड्यात आणखी पाच मुलांना लस देण्यात आली आणि तेथून ती मद्रास, हैदराबाद, कलकत्ता असा प्रवास करत गेली. हिंदुस्थानात पुढे कित्येक वर्षे जी लस वापरली गेली, तिचा उगम या एका मुलीच्या दंडावर होता. बंगाल, मद्रास आणि मुंबई येथून वर्गणी जमवून जेन्नर यांना सात हजार पौंडांहून अधिक रक्कम पाठवण्यात आली.

येथेही विरोध झाला. देवी हा देवीचाच कोप किंवा कृपा मानली जाई. मराठीत रोगाचे नावच त्याची साक्ष देते. एका जातीच्या मुलाच्या अंगातला द्रव दुसऱ्या जातीच्या मुलाला टोचणे अनेकांना मान्य नव्हते. या पद्धतीत खरा धोकाही होता, कारण लसीबरोबर एका मुलाचा उपदंशासारखा दुसरा रोगही पुढच्या मुलाकडे जाऊ शके. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासराच्या अंगावर लस वाढवण्याची रीत आली, तेव्हा हा धोका टळला. लस टोचणारा गावात आला की मुले लपून बसत. देवी काढणे हा वाक्प्रचार त्याच काळातला.

जेन्नर यांचा एक मोठा अंदाज चुकला. एकदा टोचले की आयुष्यभराचे संरक्षण मिळते, असे ते ठामपणे सांगत. १८११ मध्ये एका उमराव घराण्यातील मुलाला, ज्याला दहा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच लस टोचली होती, तीव्र देवी आल्या. मुलगा वाचला आणि तोही लसीमुळेच, असे ते म्हणत राहिले. काही वर्षांनी पुन्हा लस टोचावी लागते, ही गोष्ट त्यांनी मान्य केली नाही. कुरणात अपवादांपाशी थांबणारा हा निरीक्षक स्वतःच्या लसीच्या अपवादांपाशी थांबला नाही, हे त्यांच्या आयुष्यातील मोठे उणे.

१८१० मध्ये थोरला मुलगा एडवर्ड वयाच्या २१ व्या वर्षी क्षयाने गेला. त्याच सुमारास त्यांच्या दोन बहिणी वारल्या. १८१५ मध्ये पत्नीही क्षयानेच गेली. देशोदेशीचे राजे मानपत्रे पाठवत होते, युद्ध चालू असतानाही नेपोलियनने त्यांच्या शब्दाखातर इंग्रज कैदी सोडले होते. घरात शिरलेल्या रोगावर मात्र त्यांच्याकडे काहीच नव्हते. पत्नीच्या निधनानंतर ते बर्कलीहून फारसे हलले नाहीत. गावचे दंडाधिकारी म्हणून काम पाहत, पक्ष्यांच्या स्थलांतराच्या नोंदी करत. जेम्स फिप्स मोठा होऊन त्याचे लग्न झाले, तेव्हा त्यांनी त्याला बिनभाड्याने एक घर राहायला दिले आणि त्याच्या अंगणात गुलाब लावून दिले. २६ जानेवारी १८२३ रोजी पक्षाघाताने जेन्नर यांचा मृत्यू झाला. बर्कलीच्या चर्चमध्ये त्यांना आईवडील, पत्नी आणि मुलाजवळ पुरण्यात आले. अंत्ययात्रेत जेम्स फिप्स होता. तो त्यानंतर तीस वर्षे जगला.

१८५८ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात जेन्नर यांचा बसलेला पुतळा उभारण्यात आला. युद्धवीरांच्या चौकात डॉक्टर कशाला, असा आक्षेप घेऊन चार वर्षांनी तो केन्सिंग्टन बागेत हलवण्यात आला. सिंध जिंकणारे नेपियर आणि १८५७ च्या लढाईतील हॅवलॉक यांचे पुतळे आजही चौकातच आहेत.

देवीचे निर्मूलन व्हायला आणखी सव्वाशे वर्षे लागली. १९७४ मध्ये बिहारमध्ये मोठी साथ आली आणि हजारो लोक मेले. तेव्हा कार्यकर्ते देवीचे फोड आलेल्या मुलाचे चित्र हाती घेऊन घरोघर फिरले, असा रुग्ण कोठे आहे का, विचारत राहिले आणि सापडला की आसपासच्या सर्वांना लस देत गेले. भारतातील शेवटची रुग्ण मे १९७५ मध्ये आसाममधील करीमगंज येथे सापडली. तीव्र देवीचा नैसर्गिकरीत्या झालेला जगातील शेवटचा रुग्ण म्हणजे बांगलादेशातील भोला बेटावरची एक लहान मुलगी. ती त्याच वर्षी बरी झाली. सौम्य प्रकाराचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात आढळला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. मुलांना देवी काढणे मग थांबले. त्याआधी जन्मलेल्यांच्या दंडावर तो खळगेदार वण अजून दिसतो.